दिग्गीच्या मांडावरची चाल

एकोणीसशे चौसष्टच्या पावसाळ्यात कॅसलरॉक स्टेशनासमोरच्या तुकारामाच्या दुकानात चहाबरोबर एकच बातमी मिळायची, आणि तीही उकळून उकळून दाट झालेली: लखू मास्तरनं दिग्गीच्या बायकांचं गाणं चोरलं. कुणी म्हणे, एकोणचाळीस साली नवरदेव होऊन इकडं आला होता तेव्हाच त्यानं ते ऐकलं, उपरण्यात बांधून कोल्हापूरला नेलं आणि सिनेमावाल्यांना दिलं. मालगाडीच्या एका गार्डानं त्यात आपली भर घातली. म्हणूनच मास्तर इतकी वर्षं जंगलात तोंड लपवून बसलाय, नाहीतर सिनेमातला माणूस लाकडांवर शिक्के मारायला कशाला येतो?

यातलं लग्न तेवढं खरं. मास्तरची सासुरवाडी कॅसलरॉकची, आणि एकोणचाळीस साली तो मुंडावळ्या बांधून याच स्टेशनात उतरला होता. पण त्या खेपेला दिग्गी कुठल्या दिशेला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. तीन दिवसांत त्यानं जे काही ऐकलं ते व्याह्यांच्या जेवणावरून झालेलं भांडण. गाणं दिग्गीहून कोल्हापूरला गेलं नव्हतं. ते कोल्हापूरहून दिग्गीला आलं होतं, आणि आणणारा लखूच होता. सगळ्यात मजा म्हणजे ही चोरीची बातमी कुणा दुष्मनानं उठवली नव्हती. लखूला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या माणसानं ती छापली होती, आणि वर लखूचा फोटोही घातला होता.

पण ते सगळं नीट कळायचं तर आधी मास्तर कळायला पाहिजे.

लक्ष्मण दत्तोबा नेसरीकर. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत पेटीवाला म्हणून शिरला आणि दोन वर्षांत चाली लावायला लागला. तिथं एक गोवेकर चेलोवाला होता. त्याच्या नादानं लखू इंग्रजी पद्धतीनं सूर कागदावर लिहायला शिकला, आणि तिथून जो बिघडला तो बिघडलाच. दोन व्हायोलिनं आणि तबला यांत भागणाऱ्या गाण्याला त्याला आठ व्हायोलिनं लागायला लागली. नायिकेनं नुसतं खिडकीतून बाहेर पाहिलं तरी हा मागं चेलो घालायचा. मालक म्हणायचे, नेसरीकर, बाईला रडायला वेळ तरी द्या, तुमची वाजंत्रीच आधी रडून मोकळी होतात. पहिली काही वर्षं लोकांनी ते गोड मानलं. खिशातले रुमाल ओले केले, रेकॉर्डी घेतल्या. मग उडत्या ढोलकीचे दिवस आले आणि नेसरीकरांची चाल म्हणजे ओल्या घोंगडीसारखी जड, असं जो तो बोलायला लागला.

शेवटचा सिनेमा अर्ध्यात डब्यात गेला. त्यातलं एकच गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं: ‘डोंगराआड दिवस गेला, दिवा कुणी लावला’. गाणारी नटी दिसायला देखणी, पण वरच्या पट्टीत तिचा गळा चढत नसे. तिसऱ्या ओळीला सूर वर जायचा तर बाई तिथं येऊन थांबत, घाटात इंजिन थांबावं तशी. लखूनं दिवसभर वाट पाहिली आणि संध्याकाळी ती ओळ वर न्यायच्या ऐवजी हळूच, अर्ध्या-अर्ध्या सुरानं, खाली उतरवली. मागं चेलो सोडला. आणि ती उतरण अशी काही बसली, की वाजवणारी सगळी माणसं वाजवून झाल्यावर बराच वेळ खाली बघत राहिली. त्या गाण्याची नमुन्याची म्हणून एक तबकडी निघाली. लेबल कोरं, त्यावर पेन्सिलीनं एक आकडा. ना साल, ना नाव.

अठ्ठेचाळीस साली स्टुडिओ बंद पडला. बायको पार्वती, एक ट्रंक, एक चावीचा ग्रामोफोन आणि ती कोरी तबकडी घेऊन लखू सासुरवाडीला आला. मेहुणा येसाजी लाकडाच्या डेपोत होता. त्यानं याला तिथंच चिकटवलं. काम काय, तर ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर शिक्क्याचा हातोडा मारायचा. ओंडका कुणाचा, जंगलाच्या कुठल्या तुकड्यातला, हे त्या खुणेवरून कळायचं. दिवसाला दोनशे ओंडके. आठ व्हायोलिनांचा माणूस एका हातोड्यावर आला. गाव पुढ्यात मास्तर म्हणायचं आणि पाठ वळली की शिक्केवाला. पार्वतीला दोन्ही ऐकू यायचं, कारण तिचे कान नवऱ्यापेक्षा चांगले होते, असं ती स्वतःच सांगायची.

बावन्न साली माघात दिग्गीच्या बाजूला कूप पाडलं होतं, म्हणजे तोडीसाठी नेमून दिलेला जंगलाचा तुकडा. काळी नदी तिथं ओढ्याएवढी असते, उडी मारून पलीकडं जावं अशी. लखू महिनाभर तिथल्या खोपीत राहिला. हातोडा मारताना त्याला गुणगुणायची सवय. दोन ठोके आणि एक ओळ, दोन ठोके आणि एक ओळ. दिग्गीच्या कुणबी बायका बांबू वाहायला यायच्या. त्यांच्यात सुंदरी म्हणून एक होती. उंच, काळीसावळी, भारा डोक्यावर असला तरी मान अशी की भारा तिनं हौसेनं घेतलाय. तिनं आठ दिवसांत ते गाणं उचललं. तिसऱ्या ओळीची उतरणसुद्धा जशीच्या तशी, जी कोल्हापूरच्या नटीला शिकवताना लखूच्या तोंडाला फेस आला होता.

मग एक दिवस ती गावकाराला घेऊन आली. गावकार म्हणजे गावचा मानकरी, म्हातारा झिलू. बायकांना हे गाणं शिमग्याच्या फुगडीला हवं होतं. पण मांडावर, म्हणजे देवापुढच्या खेळायच्या जागेवर, नवं गाणं फुकटचं चढत नाही. देणाऱ्यानं ते आपल्या तोंडानं दिलं पाहिजे आणि मांडाचा नारळ घेतला पाहिजे. झिलूनं लखूला नाव विचारलं, गाव विचारलं, आईचं नाव विचारलं. लखूला हसू आलं. लेबलावर नाव घालताना कंपनीनं इतकी चौकशी कधी केली नव्हती. त्यानं सगळं सांगितलं, गाणं दिलं, नारळ घेतला. पार्वतीनं त्या नारळाचं वाटण केलं. विषय संपला.

त्याच्या लेखी संपला. शिमगा म्हणजे फाल्गुन, आणि फाल्गुनात डेपोत पाऊस यायच्या आत माल हलवायची अशी घाई, की मास्तरला पाठ खाजवायला सवड नसे. त्यानं दिग्गीचा शिमगा एकदाही पाहिला नाही. मधे गोव्याची गाडी बंद झाली, सहा-सात वर्षं कॅसलरॉक म्हणजे रुळाचं टोक होऊन बसलं, पुन्हा गाडी सुरू झाली. मास्तर शिक्के मारत राहिला. ग्रामोफोनची चावी तुटली तेव्हा त्यानं ती डेपोतल्या लोहाराकडून करून घेतली. कोरी तबकडी मात्र वर्षातून एकदाच वाजायची, दिवाळीच्या पाडव्याला, दारं लावून.

चौसष्टच्या फाल्गुनात बेळगावहून हुद्दार आले. रामचंद्र हुद्दार, कॉलेजात शिकवणारे, सोनेरी काडीचा चष्मा आणि जुन्या रेकॉर्डींचं वेड. नेसरीकरांच्या सात रेकॉर्डी त्यांच्याजवळ होत्या आणि नेसरीकर मेले अशी त्यांची खात्री होती. येसाजी बेळगावला एका लग्नात भेटला, तेव्हा त्यांना कळलं की मयत माणूस रोज दोनशे ओंडके ठोकतो. गाडीतून उतरून ते थेट डेपोत आले, लखूचे हात हातात धरले आणि म्हणाले, “मी तुम्हाला गेलेले समजत होतो.”

“कॅसलरॉकला आलेल्या माणसाला सगळेच तसं समजत्यात,” लखू म्हणाला. “बसा. च्या घ्या.”

घरी लखूनं दारं न लावता ती तबकडी लावली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. हुद्दारांनी चष्मा काढला तो परत घालायला विसरले. पार्वतीनं नंतर शेजारणींना सांगितलं की सायेब आमच्या घरात ढसाढसा रडलं, आणि हे सांगताना ती अशी काही फुलली होती की जणू रडवायला तीच गेली होती. हुद्दारांच्या मनात मोठा बेत होता. मुंबईच्या नंदध्वनी कंपनीत त्यांची ओळख होती. नेसरीकरांच्या सात जुन्या चाली आणि ही आठवी, अशी एक लांब वाजणारी तबकडी काढायची. वर नाव, मागं चरित्र.

त्यांच्याजवळ बॅटरीवर चालणारं टेपचं यंत्र होतं. जंगलातली गाणीही टिपायची होती. लखूनंच हौसेनं त्यांना लाकडाच्या ट्रकात बसवून दिग्गीला धाडलं. शिमगा चालू होता. आपण काय करतोय हे त्याला ठाऊक असतं तर त्यानं तो ट्रक गोव्याच्या दिशेनं वळवला असता.

हुद्दार दिग्गीहून परतले ते भारल्यासारखे, आणि दुसऱ्या दिवशी गाडीनं निघून गेले. पावसाळ्यात त्यांचा लेख छापून आला. मथळा होता ‘नागर साज ल्यालेली वनकन्या’. लेखात लखूची अशी स्तुती होती की वाचणाऱ्याला गोड लागून दात दुखावेत. नेसरीकर हे थोर, नेसरीकर हे काळाच्या पुढं. आणि त्यांच्या सर्वांत सुंदर चालीचा उगम लेखकानं प्रत्यक्ष दिग्गीच्या मांडावर ऐकला आहे. शेकडो वर्षं कुणबी स्त्रिया जे गात आल्या, ते नेसरीकरांनी तरुणपणी सासुरवाडीला आले असताना हेरलं आणि त्यावर व्हायोलिनांची पैठणी चढवली. तिसऱ्या ओळीच्या उतरणीला हुद्दारांनी नाव दिलं होतं ‘आदिम अवरोह’. अरण्यातला माणूसच असा सूर लावू शकतो, म्हणे.

झालं. तुकारामानं तो लेख दुकानात भिंतीला चिकटवला आणि मास्तरला एक दिवस चहा फुकट पाजला. स्टेशनमास्तर स्वतः चालत येऊन हात मिळवून गेले. आणि ज्यांना स्तुती पुरी वाचायचा कंटाळा होता, त्यांनी त्यातलं मधलं तेवढं उचललं: चोरलं.

लखूनं लेख तीनदा वाचला आणि म्हणाला, “आदिम म्हणं! त्या बाईचा गळा चढत नव्हता!”

त्यानं हुद्दारांना पत्र लिहिलं, चार पानी. नटीचा गळा, संध्याकाळ, चेलो, बावन्न सालचा नारळ, सगळं. हुद्दारांचं उत्तर फार अदबीचं आलं आणि म्हणूनच फार झोंबलं. त्यांनी लिहिलं होतं की थोर कलावंताला आपण कुठून काय घेतलं ते पुष्कळदा आठवत नाही, त्यात कमीपणा नाही. शिवाय त्यांनी दिग्गीत बायकांना विचारलं होतं, हे गाणं कुणाचं. बायका म्हणाल्या होत्या, मांडाचं. याहून स्पष्ट काय पाहिजे?

पौषात नंदध्वनीचा कागद आला. तबकडी काढायला कंपनी तयार होती. सात गाण्यांना चाल नेसरीकर. आठव्याला ‘चाल: पारंपरिक’. हल्ली लोकगीताला मागणी फार, तेव्हा तेच गाणं पहिलं ठेवू, असंही वर लिहिलं होतं. खाली सही करून मार्चअखेर पाठवा. न आल्यास योजना रद्द समजावी.

पार्वतीनं दौत आणून समोर ठेवली.

ती मूर्ख नव्हती. गाणं नवऱ्याचंच आहे हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? पण सतरा वर्षं ती शिक्केवाल्याची बायको होती. बाजारात, नळावर, सत्यनारायणाला. तबकडीवर नेसरीकर हे नाव सात वेळा येणार होतं. ती म्हणाली, “आठातलं एक गेलं तर गेलं वो. सात हायत की.”

“सात लेकरं हायत म्हणून आठवं दुसऱ्याच्या नावावर लावतीस काय?”

“एकबी न्हाई मला,” पार्वती म्हणाली, “म्हणून तर सांगतोय.” बेळगावकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःला कधीकधी पुरुषासारखं बोलायची, विशेषतः रागात. शेवटी लखू म्हणाला की ती सात गाणी त्यानं मालकांसाठी लावली. आठवं, सिनेमा डब्यात गेल्यावर, त्याचं एकट्याचं उरलं होतं. त्याच्यावर आपलं नाव नसेल तर बाकीच्या सातांवरही नको. कागदाला त्यानं हात लावला नाही. दौतीतली शाई वाळू नये म्हणून बूच मात्र लावून ठेवलं, आणि ते पार्वतीनं बघून ठेवलं.

येसाजी समजूत घालायला आला, तुकाराम आला. तुकारामाचं म्हणणं, मास्तर, चोरीचा का होईना, पण आपल्या गावचा माणूस मोठा होतोय, त्यात तू आडवा येऊ नको. लखूनं त्याच्याकडचा चहाच सोडला. महिनाभर मास्तर स्टेशनाच्या पलीकडच्या कॅन्टीनातला पाणचट चहा पिऊन तुकारामाच्या दुकानावरून छाती काढून जायचा.

माघात सुंदरी बाजाराला आली. स्टेशनाबाहेर कंदांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. केस पिकले होते, मान तशीच. लखू तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, सुंदरीबाई, येसाजीसमोर एवढंच सांगा की गाणं मी दिलं. तो लिहून घेईल, तुम्ही अंगठा द्या.

सुंदरीनं कंदावरची माती अंगठ्यानं काढली. मग म्हणाली, “मांडावयली गजाल मांडार सांगतात, मास्तर. बाजारांत न्हंय.”

लखूला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. आजूबाजूला दहा माणसं जमली, तुकाराम दुकानाच्या पायरीवर आला. सुंदरीनं नाही म्हणजे नाही. देणाऱ्याचं नाव मांडाबाहेर घ्यायचं नसतं, एवढंच ती बोलली. टोपली उचलताना मात्र तिनं वळून म्हटलं की शिमग्याला या, आणि त्या यंत्रवाल्या सायबालाही आणा. त्याला सांगा, सुरुवातीपासून येऊन बस.

पायरीवरून तुकाराम हसला. गावानं निकाल लावून टाकला: बाईनं तोंडावर नाकारलं, आता काय राहिलं?

लखू त्या दिवशी घरी गेला तो इतका खवळलेला, की पार्वतीनं भाकरी त्याच्या हाताजवळ ठेवून अंतर राखलं. पण सुंदरीचं शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं हुद्दारांना एक पोस्टकार्ड टाकलं. त्यात मायना नव्हता. तुम्ही विद्वान असाल तर शिमग्याला या, दिग्गीला मी स्वतः नेतो. मांडावर मी खोटा ठरलो तर तिथंच सही करतो. नाही ठरलो तर लेख परत लिहायचा, पुढचं-मागचं सगळं. पोस्टकार्ड उघडं असल्यानं पोस्टातून निघायच्या आत ते सगळ्या कॅसलरॉकनं वाचलं होतं.

हुद्दार आले. माणूस हटवादी होता, पण लबाड नव्हता. लखूनं डेपोच्या मालकाला सांगितलं की उद्या मी येत नाही. फाल्गुनात असं म्हणणं म्हणजे नोकरी सोडण्यासारखंच. लखू, पार्वती आणि हुद्दार ट्रकातून निम्मी वाट गेले आणि उरलेली चालले. यंत्राची पेटी लखूनं खांद्यावर घेतली. वाटेत हुद्दार आदिम अवरोहाबद्दल दोन शब्द बोलायला लागले, तेव्हा पार्वतीनं त्यांना विचारलं, सायेब, चढ चढताना बोलल्यावर दम लागत न्हाई व्हय तुम्हाला?

उन्हं कलली तशी माणसं मांडावर जमली. बायका एका अंगाला, केसांत आबोली, नऊ-दहा जणींचा घोळका. झिलू आता फार म्हातारा झाला होता, त्याला धरून आणून बसवलं. नारळ समोर आला आणि तो गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. हुद्दारांचा हात सवयीनं यंत्र बंद करायला खटक्याकडं गेला. टेपची फीत महाग, देवाचं बोलणं संपल्यावर गाणी चालू होतात, हे त्यांना गेल्या वर्षीपासून ठाऊक होतं. त्या खेपेला यंत्र बंद करून ते गाणी सुरू होईपर्यंत लांब झाडाखाली जाऊन बसले होते.

सुंदरी जागेवरूनच म्हणाली, “फाटल्या वर्साय तुमी यंत्र तेन्नाच बंद केल्लें.”

हुद्दारांनी हात मागं घेतला.

झिलूचा आवाज बारीक, पण एका दमाचा. त्यानं मांडाच्या देवाला हाक मारली, गावच्या चारी शिवा सांगितल्या. प्रत्येक वाक्याला माणसं म्हणायची, व्हय देवा. मग त्यानं गाणी एकेक करून देवाच्या कानावर घातली. पहिलं गाणं आमच्या आयांचं, त्यांच्या आयांचं, देणार कुणी ठाऊक नाही. व्हय देवा. दुसरं घाटाखालच्या एका सुईणीनं दिलं, बाळंतपणाला आली होती तेव्हा. व्हय देवा. आणि मग:

“तिसरें गाणें, दोंगराआड दीस गेलो. नेसरीच्या तारेचो पूत, कॅसलरॉकचो लखू मास्तर, ताणें दिल्लें. मांडाचो नारळ घेवन दिल्लें, मागीर कांय मागूंक ना. ताका बरें कर. ताच्या घरकान्नीक बरें कर. ताचो हातोडो ताच्या पांयार पडूंक दिवं नाका.”

“व्हय देवा,” सगळी दिग्गी म्हणाली.

पार्वतीनं पदर तोंडाला लावला. हातोडा पायावर पडू नये म्हणून कुणीतरी देवाला सांगत होतं, आणि ती इतकी वर्षं समजत होती की नवरा जपून काम करतो. लखू उभाच होता. त्याची आई तारा जाऊन तीस वर्षं झाली होती. तिचं नाव त्यानं स्वतःही एवढ्यात घेतलं नव्हतं.

बायकांनी फुगडी धरली आणि गाणं सुरू झालं. तिसऱ्या ओळीला सूर खाली उतरला, अर्धा, मग आणखी अर्धा. गाणं संपल्यावर लखू सुंदरीकडं गेला आणि विचारलं की हे दरसाल सांगता?

“तुमी येनात म्हणून आमी नाव घेवचें सोडलें काय?” सुंदरी म्हणाली, आणि दुसऱ्या फुगडीला गेली.

हुद्दारांनी फीत मागं घेतली आणि यंत्राला कान लावून ते एक वाक्य तीनदा ऐकलं. मग त्यांनी चष्मा पुसला, झिलूच्या पाया पडले. लखूसमोर येऊन म्हणाले, मी चुकलो. एवढंच, आणखी एक शब्द नाही. लखूनं पेटीचे पट्टे आवळायला त्यांना मदत केली. ही दोघांची तडजोड.

पुढचं सरळ झालं असं नाही. नंदध्वनीनं वर्षभर खळखळ केली. गाऱ्हाणं हा काय पुरावा झाला, असं त्यांचं म्हणणं. हुद्दारांनी दुसरा लेख लिहिला, पहिल्याहून छोटा. त्यात ‘माझी चूक’ हे शब्द दोनदा होते. तुकारामानं तो पहिल्याच्या शेजारी चिकटवला, पण पहिला काढला नाही. म्हणाला, त्यात फोटो चांगला आलाय. डेपोच्या मालकानं लखूला आठ दिवस घरी बसवलं आणि नवव्या दिवशी हातोडा परत दिला, कारण त्याच्याइतकी साफ खूण दुसऱ्या कुणाच्या हातून उठत नव्हती. शेवटी सहासष्टच्या अखेरीला कंपनीनं मान्य केलं. आठही गाणी, आठांवर नाव.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात हुद्दार तबकडीच्या वेष्टनाचा नमुना घेऊन आले. पुढं लखूचं चित्र, थोडं तरुण केलेलं. लेबलाचा कागद वेगळा. त्यावर पहिल्याच ओळीत ‘डोंगराआड दिवस गेला, चाल: लखू नेसरीकर’. पार्वतीनं बोट ठेवून ते वाचलं, मग परत वाचलं आणि देवाजवळ ठेवून आली. हुद्दारांनी मागची बाजू समोर केली. तिथं ठळक अक्षरांत मजकूर होता: ‘वीस वर्षं विस्मृतीत पडलेल्या एका उपेक्षित संगीतकाराचा पुनर्जन्म.’

लखूनं तेवढी ओळ नखानं दाबली. म्हणाला, ही काढा.

हुद्दार काकुळतीला आले. सगळं तुमच्या मनासारखं झालंय, छपाई उद्यावर आलीय, आणि मास्तर, हे तुमच्याच बाजूनं लिहिलंय. लोकांनी तुमची उपेक्षा केली हे खोटं आहे का? पार्वतीही म्हणाली की आता एका ओळीसाठी कशाला, वीस वर्षं लोकं इसरलीच होती की वो.

लखूनं वेष्टन हुद्दारांच्या हातात परत दिलं आणि म्हणाला:

“कोण इसरलं? दिग्गीत दरसाल माझ्या आईच्या नावासकट माझं नाव घेत्यात. तुम्ही यंत्र बंद करून बसला, त्याला माझी उपेक्षा म्हणू नका.”